पट्टेरी पांघरुणात रंग बदलताना आणि धागा जोडताना

क्रोशात नवा रंग कधी घ्यायचा, याचं उत्तर एका वाक्यात देता येतं. ज्या टाक्यापासून नवा रंग दिसायला हवा, त्याच्या आधीच्या टाक्याचा शेवटचा वेढा, म्हणजे सुईवर घेतलेला धाग्याचा शेवटचा फेरा, नव्या रंगाने घ्यायचा. एवढं पाठ असूनही पट्ट्यांच्या कडेला दुसऱ्या रंगाचे ठिपके उमटतात, थोड्या वापरात टोकं बाहेर येतात आणि दोन धुण्यांत जोड सुटतो. कारण रंग बदलणं आणि धागा टिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम वेढ्याचं आहे. दुसरं गाठीचं वाटतं, पण खरं तर ते टाक्यांच्या घट्ट पकडीचं आहे. बाळाचं एक पट्टेरी पांघरूण विणताना या दोन्हींचे जवळजवळ सगळे प्रश्न समोर येतात, म्हणून त्याच क्रमाने सांगते. टोपी, खेळणी आणि तोरणाचं जे वेगळं आहे ते ओघात येईल.

पांघरूण साधारण 75 बाय 90 सेंटिमीटरचं, चार पदरी बेबी लोकरीचं, क्रोशाच्या 4 मिलिमीटरच्या आकडीदार सुईवर. मोतिया पांढरा, हळदी पिवळा आणि मोरपंखी असे तीन रंग. सगळे मिळून 400 ते 500 ग्रॅम लोकर लागते. पट्टे खांबांचे, मधला एक पट्टा सिंगल क्रोशेचा आणि त्यात बदामांची नक्षी. खांब म्हणजे सुईवर एक वेढा घेऊन टाक्यात सुई घालायची, धागा ओढून आणायचा आणि मग दोन-दोन फास करत दोनदा सोडवायचे. अमेरिकन नमुन्यात याला डबल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटिश नमुन्यात ट्रेबल. सिंगल क्रोशे, म्हणजे सुईवर आधी वेढा न घेता घातलेला बुटका टाका, मी इथे अमेरिकन अर्थाने म्हणते आहे. ब्रिटिश पुस्तकातला डबल क्रोशे म्हणजे तोच टाका. नमुना कुठला आहे हे आधी पाहिलं नाही तर वेढा कितव्या फासावर बदलायचा यातच गोंधळ होतो.

लोकर घेताना

जोड नीट बसणार की नाही हे निम्मं दुकानातच ठरतं. लेबलवर रंगाच्या क्रमांकाशेजारी लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या मालाचा, क्रमांक असतो. एकाच रंगाचे सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्यावेत. वेगळ्या लॉटमधला फरक दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कळत नाही, पण विणून झाल्यावर दिवसाच्या उजेडात एक सरळ रेघ दिसते. दुसरा लॉट घ्यावाच लागला तर जुना गुंडा संपायच्या आठ-दहा ओळी आधीच नवा सुरू करावा आणि दोन ओळी जुन्याच्या, दोन नव्याच्या असं आलटून पालटून विणावं. मग फरक पसरतो आणि रेघ राहत नाही.

लेबलवर चार पदरी लिहिलेले दोन वेगळ्या कंपन्यांचे गुंडे जाडीला सारखे असतीलच असं नाही. दोन्ही धागे एकमेकांत अडकवून एक लांब दुहेरी धागा करायचा आणि डोळे मिटून चिमटीतून सरकवायचा. जोडाच्या जागी बोटांना पायरी लागली तर ती पांघरुणातही दिसणार. जाड रंगाचे पट्टे रुंद होतात आणि कड नागमोडी येते.

आपल्याकडे दुकानात लोकर म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा अॅक्रिलिक असतं. वर्धमान, ओसवाल, गंगा यांचे बेबी गुंडे घेतानाही लेबलवरचा घटक वाचावा. लेबल हरवलं असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून मोरीत जाळून पाहावा. खरी लोकर केस जळल्याच्या वासाने हळूहळू जळते आणि मागे चुरा होणारी राख राहते. अॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि राख मऊ, करडी असते. ही तपासणी यासाठी, की जोडायची पद्धत धाग्याच्या जातीवर ठरते.

गडद लाल, गडद निळा, काळा यांच्या शेजारी पांढरा येणार असेल तर रंग जातो का हे आधी बघावं. हातभर गडद धागा कोमट साबणाच्या पाण्यात भिजवायचा, पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून दाबून ठेवायचा आणि वाळल्यावर कापड उघडायचं. डाग पडला तर तो रंग पांढऱ्याशेजारी घेऊ नये. सुती दोऱ्यात हे जास्त होतं. विणून झाल्यावर मीठ किंवा व्हिनेगर घालून रंग पक्का होईल या भरवशावर राहू नये.

शेवटचा वेढा

आधीचा टाका पूर्ण झाल्यावर सुईवर जो एक फास उरतो, तो त्या टाक्याचा नसतो. पुढच्या टाक्याच्या डोक्यावर जी आडवी साखळी दिसते, ती या फासाची बनते. म्हणून पांढरा टाका पांढऱ्यानेच पूर्ण करून मग पिवळा घेतला, तर पहिल्या पिवळ्या खांबाचं अंग पिवळं आणि डोकं पांढरं होतं. ठिपका येतो तो असा.

खांबात असं करायचं: सुईवर वेढा, टाक्यात सुई, धागा ओढून आणला की सुईवर तीन फास. वेढा घेऊन दोन सोडवले की दोन फास उरतात. इथे पांढरा सोडून द्यायचा, पिवळ्याचं 15 सेंटिमीटर टोक मागे ठेवून त्याचा फास सुईवर घ्यायचा आणि उरलेल्या दोन्ही फासांतून ओढायचा. सिंगल क्रोशेत सुईवर दोन फास असताना आणि अर्ध्या खांबात (खांबासारखीच सुरुवात, पण तिन्ही फास एकदम सोडवायचे) तीन फास असताना हीच अदलाबदल होते. नव्या धाग्याला आधी सरकगाठ मारून ती सुईवर चढवायची सवय अनेकांना असते. ओळीच्या मध्ये ती नको. ती गाठ टाक्याच्या मागे कडक बी होऊन बसते आणि बाळाच्या पाठीला टोचते.

अदलाबदल झाल्यावर फास ढिला वाटतो. दोन्ही टोकं उलट्या बाजूला हलकेच ओढून तो आधीच्या टाक्याएवढा करायचा, त्याहून घट्ट नाही. घट्ट केला तर नव्या रंगाच्या पहिल्या टाक्याचं डोकं लहान होतं आणि पुढच्या ओळीत त्यात सुई जात नाही. मग तो टाका हमखास सुटतो आणि पांघरूण एका बाजूने अरुंद होऊ लागतं. रंग बदललेल्या ओळीनंतर पहिल्या काही वेळा तरी टाके मोजावेत.

ओळीच्या शेवटी बदल असेल तर शेवटच्या खांबाचा शेवटचा वेढा नव्या रंगाचा, मग काम उलटायचं, मग नव्या ओळीच्या उंचीवर जाण्यासाठी चढाईच्या तीन साखळ्या. अर्ध्या खांबाला दोन, सिंगल क्रोशेला एक. आधी उलटून मग रंग घेतला तर चढाईची पहिली साखळी जुन्या रंगाची होते आणि ती काठाखालीही पूर्ण झाकत नाही.

ओळीच्या मधोमध रंग बदलताना जुना धागा कुठे सोडता याला महत्त्व आहे. तो नेहमी उलट्या बाजूला गेला पाहिजे. सुलटी ओळ विणताना उलटी बाजू आपल्यापासून लांब असते, म्हणून धागा मागे टाकायचा. उलटी ओळ विणताना तीच बाजू आपल्याकडे असते, म्हणून धागा पुढे आणायचा. हे विसरलं की सुलट्या बाजूवर आडवी दोरी दिसते आणि ती नंतर लपवता येत नाही, उसवावंच लागतं.

दोन रंगांमधली रेघही इथेच बघून घेते. नेहमीप्रमाणे टाक्याच्या डोक्यावरच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही फासांखालून विणलं की नव्या खांबांचे पाय जुन्या ओळीत उतरतात आणि सीमा दातेरी दिसते. बाळाच्या पांघरुणात ती गोड दिसते, मी तशीच ठेवते. सरळ रेघ हवी असेल तर नव्या रंगाची पहिली ओळ सुलट्या बाजूने फक्त मागच्या फासात विणावी. पुढचा फास जुन्या रंगाची बारीक रेघ होऊन समोर राहतो. मात्र तिथे वीण थोडी ताणली जाते, म्हणून जड वस्तूत, विशेषतः पिशवीत, हे टाळावं.

धागा न तोडता पट्टे

90 सेंटिमीटरच्या लांबीत खांबांच्या साधारण ऐंशी ओळी बसतात. दोन-दोन ओळींचे पट्टे केले आणि प्रत्येक वेळी धागा तोडला, तर चाळीस पट्ट्यांची ऐंशी टोकं होतात. कितीही नीट लपवली तरी ऐंशी टोकं म्हणजे ऐंशी कच्च्या जागा. त्यामुळे धागा न तोडता कडेने वर न्यायचा.

दोन ओळींचा पट्टा असेल तर रंग जिथे सोडला त्याच कडेला परत सापडतो, कारण दोन ओळींत काम फिरून तिथेच येतं. चार ओळींचंही तसंच. एकेका ओळीचे पट्टे हवे असतील तर दोन रंगांत अडचण येते, दुसरा धागा नेमका पलीकडच्या कडेला राहतो. तीन रंग घेतले की ही अडचण संपते. पहिली ओळ पांढरी, ती डाव्या कडेला संपते. दुसरी पिवळी, उजव्या कडेला संपते. तिसरी मोरपंखी, पुन्हा डाव्या कडेला. चौथी ओळ डाव्या कडेपासून सुरू होणार आणि पांढरा धागा तिथेच थांबलेला असतो. पुढे पिवळा उजवीकडे, मोरपंखी डावीकडे, सगळं जागच्या जागी मिळतं. पाच रंगांतही हेच जमतं, पण पाच गुंड्यांचा गुंता सोडवण्यातच वेळ जातो. या पांघरुणात तीन रंग घेण्याचं कारण हेच आहे.

वर येणाऱ्या धाग्याचा ताण जपावा लागतो. तो ओढून घेतला तर ती कड आखडते आणि पांघरूण पसरलं की एक बाजू लहान भरते. पुढचा वेढा घेण्यापूर्वी कड हाताने पूर्ण ताणायची आणि त्या ताणलेल्या अवस्थेत धागा सरळ पण सैल असला पाहिजे. खांबांच्या दोन ओळींची उंची अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते. एवढा पल्ला काठाच्या सिंगल क्रोशेत झाकला जातो. तीन-चार सेंटिमीटरपेक्षा जास्त वर न्यायचं असेल तर धागा तोडावा. लांब सुटा धागा बाळाच्या बोटात अडकतो, त्यामुळे इथे मी सवलत घेत नाही.

दर ओळीनंतर काम एकाच दिशेने उलटत राहिलं तर धाग्यांना पीळ बसतो. एकदा घड्याळाच्या दिशेने, पुढच्या वेळी उलट, अशी सवय लावली की गुंडे सुटे राहतात.

गुंडा संपतो तेव्हा

रंग तोच, पण धागा संपला. पहिला नियम, शक्य असेल तर जोड ओळीच्या कडेला घ्या. उरलेला धागा एका ओळीला पुरेल का हे अंदाजाने ठरवू नका. दहा खांब उसवून तेवढा धागा मोजायचा, त्याला ओळीतल्या टाक्यांच्या संख्येने गुणायचं आणि दहाने भागायचं. वर 15 सेंटिमीटर टोकासाठी धरायचे. प्रत्येकीचा हात वेगळा असतो, त्यामुळे दुसऱ्या कुणाचा आकडा चालत नाही.

गुंड्याच्या आत कधी कधी कारखान्यातली गाठ निघते. ती पुढच्या बाजूला आली तर दिसते आणि बऱ्याचदा ताणल्यावर सुटते. ती दिसली की कापायची आणि तिथून नवा गुंडा समजून जोडायचं. गाठ आधी कळावी म्हणून विणायला बसण्यापूर्वी गुंड्यातून दोन-तीन मीटर धागा बाहेर काढून ठेवणं बरं.

ओळीच्या मध्ये जोडावंच लागलं तर पद्धत धाग्याप्रमाणे बदलते. खरी लोकर, आणि तीही मशीनमध्ये आटू नये म्हणून करतात ती प्रक्रिया न केलेली, असेल तर पाण्याचा जोड सर्वांत उत्तम. दोन्ही टोकांचे पाच-सहा सेंटिमीटर पदर सोडवायचे, प्रत्येकाचे निम्मे पदर कापायचे, उरलेले एकमेकांवर ठेवून पाण्याने ओले करायचे आणि तळहातांत जोराने चोळायचे. उष्णता आणि घर्षणाने लोकरीचे खवले एकमेकांत अडकतात आणि धागा अखंड होतो. अॅक्रिलिकला आणि सुताला असे खवले नसतात. त्यांच्यावर हा प्रयोग केला तर ओला झुबका तयार होतो, जोड होत नाही.

अॅक्रिलिकसाठी रशियन जोड. शिवणाच्या बारीक अणकुचीदार सुईत धाग्याचं टोक ओवायचं आणि सुई त्याच धाग्याच्या पदरांमधून चार-पाच सेंटिमीटर मागे न्यायची. धागा पूर्ण ओढायच्या आधी टोकाशी एक छोटा फास ठेवायचा. दुसऱ्या धाग्याचं टोक त्या फासातून काढून त्यालाही तसंच स्वतःच्या पदरांत ओवायचं. दोन्ही बाजूंनी ओढलं की दोन फास एकमेकांत अडकून बसतात. बाहेर आलेली टोकं धागा ताणून मग कापायची. जोडाच्या आसपास धागा दुप्पट जाड होतो आणि दोन-तीन खांब जरा भरीव दिसतात. खांबांच्या घट्ट विणीत ते चालतं, जाळीत दिसतं. पीळ सैल असलेल्या लोकरीत सुई पदरांमधून नीट जाते. घट्ट पिळाच्या सुतात ती जातच नाही, तिथे बळजबरी केली तर धागा तुटतो.

रशियन जोडाने रंगही अचूक जागी बदलता येतो, कारण दोन धागे एका बिंदूवर भेटतात. शेवटच्या टाक्यापर्यंत विणायचं, जिथे वेढा बदलायचा तिथे धाग्याला खूण करायची, पाच-सहा टाके उसवायचे, खुणेवर फास येईल असा जोड करायचा आणि पुन्हा विणायचं. एखादा सेंटिमीटर इकडे तिकडे झाला तर फास ओढून सरकवता येतो. वेळखाऊ आहे, पण काळ्या-पांढऱ्यासारख्या ठसठशीत रंगांत फळ दिसतं.

मॅजिक नॉटची खूप चलती आहे. दोन धागे विरुद्ध दिशांनी शेजारी ठेवून प्रत्येकाच्या टोकाने दुसऱ्याभोवती साधी गाठ मारायची, मग दोन्ही लांब बाजू ओढायच्या, गाठी सरकत येऊन एकमेकींना भिडतात. टोकं दोन-तीन मिलिमीटरवर कापायची. थोडा खरखरीत, घट्ट पिळाचा अॅक्रिलिक असेल तर ती टिकते. गुळगुळीत चकाकणाऱ्या सुतात ती सरकते आणि मऊ सैल बेबी लोकरीत आखूड टोकांचे पदर निसटतात. बाळाच्या वस्तूत मी ती वापरत नाही. पिशवीत किंवा भिंतीवरच्या वस्तूत वापरायची असली तरी कापण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी झटका देऊन बघावं. गाठ सुलट्या बाजूला आली तर क्रोशाच्या सुईच्या मागच्या टोकाने ती मागे ढकलून मगच पुढचा टाका घ्यावा.

तोरणाचा किंवा रुखवतात मांडायच्या रुमालाचा 20 नंबरचा बारीक सुती दोरा असेल तर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट जागा. साखळीच्या जाळीत जोड कधीही घेऊ नये, तिथे लपवायला काही नसतं. भरीव चौकोन येईपर्यंत थांबायचं किंवा मागे उसवून भरीव भागात यायचं. तिथे शेवटच्या वेढ्याला नवा दोरा घ्यायचा, दोन्ही टोकं आधीच्या ओळीच्या डोक्यावर आडवी धरून त्यांवरून आठ-दहा खांब विणायचे आणि उरलेलं टोक बारीक सुईने उलट दिशेने परत ओवायचं.

बदामांचा पट्टा

मधला पट्टा सिंगल क्रोशेचा, कारण खांब उंच असतो आणि बदामाची गोलाई पायऱ्यांसारखी दिसते. पांढऱ्या जमिनीवर मोरपंखी बदाम. न लागणारा रंग आधीच्या ओळीच्या डोक्यावर आडवा ठेवून त्यावरून विणत जायचं, म्हणजे तो टाक्यांच्या पोटात राहतो. बदामाला त्याची गरज नसलेल्या ओळीतही तो रंग पट्टाभर पोटातून न्यावा. मधूनच नेला तर काही भाग जाड आणि काही पातळ होतो आणि सपाट ठेवल्यावर फुगवटा दिसतो.

पोटातला धागा दर आठ-दहा टाक्यांनी हलकेच ओढायचा. सैल राहिला तर तो टाक्यांमधून डोकावतो, जास्त ओढला तर पट्टा आखडतो आणि वरखालच्या खांबांपेक्षा अरुंद भरतो. फिक्या जमिनीतून गडद धागा किंचित दिसतोच. तो कमी करायचा तर या पट्ट्यापुरती अर्धा मिलिमीटर लहान सुई घ्यावी आणि रुंदी टिकवायला एक-दोन टाके वाढवून घ्यावेत, पट्टा संपला की ते पुन्हा कमी करावेत. आणखी एक, दोन धागे दर वेळी एकाच पद्धतीने अदलाबदल करावेत. पांढरा गुंडा कायम डावीकडे आणि मोरपंखी उजवीकडे ठेवला, एक नेहमी वरून आणि दुसरा नेहमी खालून घेतला, की पीळ बसत नाही.

बदाम दूर दूर असतील, मध्ये वीस-पंचवीस टाके असतील, तर पोटातून नेण्यापेक्षा प्रत्येक बदामासाठी थोडा धागा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून वेगळा ठेवणं चांगलं. रंगांच्या सीमेवर दोन्ही धाग्यांना उलट्या बाजूला एक वळसा द्यावा लागतो. तो दिला नाही तर तिथे उभी फट पडते.

गोलात विणताना

पांघरुणासोबत टोपी असतेच. गोलात विणलेल्या वस्तूत रंग बदलण्याची जागा उघडी पडते, कारण तिथे कड नसते. प्रत्येक फेरी स्लिप स्टिचने (टाक्यात सुई घालून धागा थेट सुईवरच्या फासातूनही ओढायचा, असा बिनउंचीचा टाका) बंद करत असाल तर फेरीचा शेवटचा खांब जुन्या रंगाने पूर्ण करायचा आणि बंद करणारी स्लिप स्टिच नव्या रंगाने घ्यायची. ती जुन्या रंगाने घेतली की तो रंग नव्या फेरीच्या पायथ्याशी ठिपका होऊन बसतो.

त्याहून स्वच्छ पद्धत म्हणजे फेरी शिवणाच्या सुईने बंद करणं. शेवटचा खांब झाला की धागा 15 सेंटिमीटरवर कापायचा, फास वर ओढून टोक पूर्ण बाहेर काढायचं आणि सुईत ओवायचं. पहिला टाका सोडून दुसऱ्या टाक्याच्या डोक्याच्या दोन्ही फासांखालून सुई न्यायची, मग शेवटच्या टाक्याच्या डोक्यात जिथून धागा निघाला तिथेच परत घालून मागे काढायची. इतर डोक्यांएवढाच ताण ठेवला की पहिल्या टाक्यावर एक खोटी साखळी तयार होते. टाक्यांची संख्या बदलत नाही आणि जोड शोधावा लागतो. पुढचा रंग मग दुसऱ्या कुठल्याही जागेपासून, थेट उभ्या खांबाने सुरू करायचा. क्रोशाच्या सुईवर सरकगाठ, एक वेढा, टाक्यात सुई आणि नेहमीसारखा खांब. सरकगाठ नंतर मागून सोडवता येते. तीन साखळ्यांचा काटकुळा खोटा खांब यात येत नाही. ग्रॅनी स्क्वेअरमध्ये, म्हणजे मधून बाहेर फेऱ्यांनी वाढणाऱ्या चौकोनात, प्रत्येक फेरी वेगळ्या कोपऱ्यापासून सुरू केली तर चारही जोड एका ओळीत साठत नाहीत.

खेळण्यांसारखं फेरी बंद न करता चक्राकार विणत असाल तर रंगाची पायरी पडणारच, कारण फेरीचा शेवट तिच्या सुरुवातीपेक्षा एक ओळ वर असतो. नव्या रंगाचा पहिला टाका सिंगल क्रोशेऐवजी सैल स्लिप स्टिच घ्यावा आणि पुढच्या फेरीत त्याच स्लिप स्टिचमध्ये सिंगल क्रोशे करावा. पायरी पूर्ण जात नाही, पण डोळ्यात भरत नाही. स्लिप स्टिच घट्ट घेतली तर पुढच्या फेरीत सुई शिरत नाही. बदलाची जागा खेळण्याच्या पाठीला किंवा हाताखाली येईल असं आधीच मोजून घ्यावं. उजव्या हाताने विणणाऱ्यांचे टाके गोलात थोडे थोडे उजवीकडे सरकतात, म्हणून उभी रंगरेघ तिरकी होते. सरळ उभी रेघ हवीच असेल तर प्रत्येक फेरी बंद करून काम उलटत विणावं.

टोकं

इथे घाई केली की वरचं सगळं वाया जातं. 15 सेंटिमीटरपेक्षा आखूड टोक शिवणाच्या सुईने नीट लपवता येत नाही. टोकांवरून विणत जाणं सोपं असतं, पण तसं टोक एकाच दिशेने सरळ गेलेलं असतं, पांघरूण त्या दिशेने ताणलं की ते निसटतं. सिंगल क्रोशेच्या दाट विणीत थोडं टिकतं, खांबांत नाही. म्हणून मी सहा-आठ टाके टोकावरून विणते आणि उरलेलं सुईने उलट दिशेला नेते.

सुईने लपवताना टोक त्याच्याच रंगात न्यायचं. पिवळं टोक पांढऱ्या पट्ट्यात गेलं तर बारीकशी छटा समोरून दिसते. खांबांच्या पायथ्यातून चार-पाच सेंटिमीटर एका दिशेने, मग एका टाक्याचा एक धागा सोडून त्याच मार्गाने परत, मग तिसऱ्यांदा थोडं तिरकं किंवा उभं. परत येताना धागा सोडला नाही तर टोक आलं त्या वाटेने सरळ बाहेर पडतं. अॅक्रिलिकमध्ये अणकुचीदार सुईने टाक्यांचे पदर भेदत नेलं की पकड चांगली बसते. खऱ्या लोकरीत बोथट सुई पुरते, कारण लोकर स्वतःच धरून ठेवते. सुतात तीनऐवजी चार फेऱ्या घाला. टोपीच्या काठासारख्या ताणल्या जाणाऱ्या भागात टोक आडवं न नेता उभं किंवा तिरकं न्यावं, नाहीतर काठ डोक्यावरून ओढताना तेवढी जागा ताणत नाही आणि टोक सुटतं.

काठ सर्वांत शेवटी. मोरपंखी रंगाने, कडेने वर आलेल्या धाग्यांवरून सिंगल क्रोशेची एक फेरी. खांबांच्या प्रत्येक ओळीच्या कडेला दोन सिंगल क्रोशे, कोपऱ्यात तीन. कड लहरी झाली तर काही ठिकाणी दोनऐवजी एकच घ्या, आखडली तर अधूनमधून तीन. सुई कडेच्या खांबात घालताना वर आलेला धागाही तिच्यावर धरायचा, म्हणजे तो काठाच्या पोटात जातो. या फेरीवर दुसरी एक फेरी घेतली की आत काही आहे हे कळतही नाही.

टोकं लगेच कापू नयेत. आधी पांघरूण कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवावं, पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावं आणि सावलीत सपाट पसरून वाळवावं. दोरीवर टांगलं तर पाण्याच्या वजनाने ते लांबतं आणि लपवलेली टोकं ताणली जातात. वाळल्यावर प्रत्येक जोडाची जागा दोन्ही दिशांनी ताणून बघायची, जे टोक बाहेर आलं ते पुन्हा ओवायचं, आणि मग उरलेली तीन-चार मिलिमीटरवर कापायची. कापलेली जागा एकदा ताणली की टोक आत जातं.